टाकीची चाचणी पास, माती स्वच्छ, मग विहिरीला वास कशाचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आवारात जमिनीखाली दोन इंधनटाक्या आहेत, एक पेट्रोलची, एक डिझेलची, दोन्ही पंचवीसेक वर्षं जुन्या. साधारण ६० मीटरवरच्या शेजाऱ्यांच्या विहिरीच्या पाण्याला इंधनाचा वास यायला लागला. तुम्ही दोन्ही टाक्यांची गळतीचाचणी करून घेतली, दोन्ही पास. मग टाक्यांभोवती चार बोअर घेतले, मातीचे नमुने लॅबला दिले आणि चारही अहवालांत 'आढळले नाही' आलं. आता एवढ्यावर 'प्रदूषण आमचं नाही' असं लेखी देता येईल का, आणि नसेल तर आणखी किती बोअर घ्यावे लागतील, असं तुम्ही विचारता.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर तीन, किंवा पंधरा. मी टाळाटाळ करत नाहीये. इंधन कुठून सुटलं असेल, कोणत्या वाटेनं गेलं असेल, आत्ता कुठे मुरलं असेल आणि त्या वाटेवर कुणाचं पाणी किंवा तळघर आहे, याबद्दलचा तुमचा अंदाज किती पक्का आहे यावर बोअरची संख्या ठरते. तो अंदाज कागदावर न मांडता घेतलेले चार बोअर म्हणजे कुणी न विचारलेल्या प्रश्नाची चार उत्तरं.

तपासाआधी एक तातडीचं. ते विहिरीचं पाणी पिण्या-स्वयंपाकासाठी आजच बंद करायला सांगा. त्यानं आंघोळही नको, कारण पेट्रोलमधलं विषारी बेंझिन गरम पाण्यातून सहज हवेत उतरतं. विहिरीत कुणी उतरायचं नाही आणि जवळ ठिणगी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत, चेंबरमध्ये, तळघरात तळाशी साचते आणि हवेत सुमारे १.४ टक्के झाली की पेट घेऊ शकते. वास कमी आहे म्हणजे धोका कमी, असंही समजू नका. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि नाकाला पाण्यातलं बेंझिन कळेपर्यंत ते त्याच्या शेकडो पट झालेलं असतं. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशोब सांगतो. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझिन धरलं तर एका लिटरमध्ये ते साधारण पावणेनऊ ग्रॅम येतं. तेवढं बेंझिन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. म्हणून 'एवढीशी तर गळती' हे वाक्य या धंद्यात कुणी म्हटलं की मी कान टवकारतो.

आता टाकीच्या चाचणीकडे येऊ. चाचणी पास होणं आणि गळती नसणं यात अंतर आहे. अमेरिकेच्या १९८८ च्या नियमांनी टाकीच्या घट्टपणाची चाचणी ताशी ०.१ गॅलन, म्हणजे सुमारे ०.३८ लिटर गळती ओळखू शकेल अशी असावी असं ठरवलं, आणि तोच मापदंड पुढे पुष्कळ ठिकाणी रूढ झाला. प्रत्यक्षात चांगली चाचणी त्याहून बारीक गळतीही पकडते, पण कुठल्याही पद्धतीला खालची मर्यादा असतेच. ताशी दीडशे मिलिलिटर गळती त्या मर्यादेखालून निसटली असं धरा. दिवसाला साडेतीन लिटरहून जास्त, वर्षाला तेराशे लिटर. शिवाय भूजलपातळी टाकीच्या तळापेक्षा वर असेल तर बाहेरचं पाणी भोकावर दाब देतं आणि आतलं इंधन बाहेर पडतच नाही. तेव्हा टाकी पास होते, आणि पाणी उतरलं की पुन्हा गळू लागते. चाचणी कोणत्या महिन्यात केली आणि तेव्हा पाणी किती खोल होतं, ते तपासा.

पण माझा अनुभव विचाराल तर टाकीचं पोट क्वचितच पहिला गुन्हेगार ठरतं. आधी पाहावं ते भरणपाइपाचं तोंड, पाइपांचे सांधे, डिस्पेन्सरच्या (गाडीत इंधन भरणाऱ्या यंत्राच्या) खालची जागा. टँकर रिकामा करताना नळी काढली की लिटर-अर्धा लिटर सांडतो, पंचवीस वर्षं सांडतो, आणि टाकीची कोणतीही चाचणी ते सांडणं दाखवत नाही. पाइपांतही फरक आहे. डिस्पेन्सर इंधन वर ओढून घेत असेल तर पाइपाला भोक पडल्यावर आत हवा शिरते, पंप धापा टाकतो आणि पाइपातलं बरंचसं इंधन टाकीत परत पडतं, म्हणजे बिघाड लवकर लक्षात येतो. टाकीत बुडवलेला पंप दाबानं इंधन ढकलत असेल तर मात्र त्याच भोकातून इंधन जोरात बाहेर फेकलं जातं आणि वर बसलेल्याला पत्ता लागत नाही. तुमच्याकडे यातली कोणती व्यवस्था आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

साठ्याचं रजिस्टर काढा. बहुतेकजण ते हिशोबासाठी ठेवतात आणि तुटीला 'बाष्पीभवन' असं नाव देऊन मोकळे होतात. तापमानाचा परिणाम खरा आहे. १०,००० लिटर पेट्रोल १० अंशांनी थंड झालं की साधारण ९५ लिटरनं आकसतं, एक थेंबही न गळता. म्हणून एका दिवसाच्या तुटीचा काही अर्थ नसतो. पण तापमानाचा फरक कधी इकडे, कधी तिकडे जातो. गळती नेहमी एकाच बाजूला जाते. रोजचा फरक न बघता त्याची बेरीज करत चला आणि आलेख काढा. एका वाहनतळावर तीन वर्षांच्या नोंदी अशा मांडल्या तेव्हा रेघ पायऱ्यांसारखी उतरत गेलेली दिसली, आणि प्रत्येक पायरी टँकर आल्याच्या दिवशी. भरणपाइपाच्या सांध्याखाली खणलं तर दीड मीटरवर करडी-काळी, वास मारणारी वाळू. त्या टाकीचीही चाचणी पास झालेली होती. जाता जाता डिपस्टिकला पाणी दाखवणारी पेस्ट लावून टाकीच्या तळाशी पाणी किती साठलंय तेही मोजा. भूजल वर असताना ते वाढत असेल तर बाहेरचं आत येतंय, म्हणजे आतलंही कधीतरी बाहेर जात असणार.

आता तुमच्या चार बोअरविषयी. पहिला प्रश्न, किती खोल? सव्वादोन-अडीच मीटर व्यासाची टाकी मीटरभर मातीखाली असेल तर तिचा तळ साडेतीन मीटरच्या आसपास येतो. बोअर तीन मीटरवर थांबवले असतील तर तुम्ही टाकीच्या कुशीतली माती तपासली, तिच्या खालची नाही. टाकीचा खड्डा सहसा वाळूनं किंवा बारीक खडीनं भरलेला असतो. गळलेलं इंधन त्या भरावातून सरळ खाली जातं, भोवतालची माती चिकण असेल तर खड्ड्याच्या तळाशी परातीसारखं साचतं आणि जिथे कड खाली असेल तिथून पाझरतं. खड्ड्याच्या बाहेर दोन हातांवर घेतलेल्या बोअरमध्ये तेव्हा अगदी स्वच्छ चिकणमाती मिळते. तिच्यात इंधन नाही, कारण इंधन तिला टाळूनच गेलेलं असतं.

त्याची खालची वाटचाल अशी. पेट्रोलची घनता साधारण ०.७४, डिझेलची ०.८३ च्या आसपास. दोन्ही पाण्याहून हलकी. म्हणून इंधन मातीतून उभं खाली जातं, वाटेत मातीच्या कणांना थोडंथोडं चिकटून राहतं, आणि भूजलाच्या जरा वर जिथे माती केशाकर्षणानं ओलसर झालेली असते तिथे पोचलं की आडवं पसरतं. त्यामुळे गळतीच्या जागेपासून दूरच्या बोअरमध्ये वरची सगळी माती स्वच्छ आणि भूजलाच्या लगतचा अर्धा मीटर तेवढा माखलेला, असं चित्र मिळतं. तुमच्या लॅबला गेलेले नमुने कोणत्या खोलीचे होते? 'प्रत्येक बोअरमध्ये १ मीटर आणि २ मीटर' असं उत्तर आलं तर त्या चार अहवालांचं वजन फारसं नाही.

दुसरा प्रश्न, नमुना कसा घेतला? माती ट्रेमध्ये पसरून, निवांत फोटो काढून, मग पिशवीत भरून उन्हात ठेवली असेल तर बेंझिन लॅबला पोचण्याआधीच उडून गेलं. वर काढलेला मातीचा गाभा लगेच उभा चिरायचा, ताज्या कापातून छोट्या सिरिंजसारख्या नळीनं पाचेक ग्रॅम माती घ्यायची, ती थेट मिथेनॉल असलेल्या व्हायलमध्ये टाकून झाकण घट्ट करायचं आणि ४ अंशांवर थंड ठेवायची. हे काम एका मिनिटाच्या आत व्हायला हवं. ज्याला घाई करायची सवय आहे त्यालाच मी या कामावर ठेवतो.

तिसरा प्रश्न, लॅबनं तपासलं काय? अहवालात 'तेल आणि ग्रीस' असं लिहिलं असेल तर कपाळाला हात लावा. त्या नेहमीच्या पद्धतीत द्रावकानं तेल काढून घेतात, द्रावक उडवून देतात आणि उरलेलं वजन करतात. द्रावकाबरोबर पेट्रोलही उडतं, डिझेलचाही हलका भाग जातो. म्हणजे पेट्रोल शोधायला अशी चाचणी वापरली जी आधी पेट्रोल हाकलून देते. तुम्हाला गॅस क्रोमॅटोग्राफवरची, म्हणजे मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावरची, चाचणी हवी. त्यात बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन या चार संयुगांचे, म्हणजे आम्ही ज्याला बीटेक्स म्हणतो त्याचे, वेगवेगळे आकडे मिळतात. शिवाय नॅप्थलीन, एमटीबीई (काही पेट्रोलमध्ये मिसळलेलं एक रसायन) आणि पेट्रोल-डिझेलच्या पट्ट्यांतले एकूण हायड्रोकार्बन. आणि 'आढळले नाही' यापुढे मोजमर्यादा लिहिलेली हवी. १० मायक्रोग्रॅमची मर्यादा तपासताना लॅबचं यंत्र ५० च्या खाली पाहूच शकत नसेल तर त्या कोऱ्या रकान्याला अर्थ नाही.

मी काम कसं करतो ते सांगतो. पहिले काही दिवस एकही भोक पाडत नाही. जुने नकाशे, जुनी बिलं, पाइप कुठून कुठे जातात त्याची रेखाटनं, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे जुनी माणसं. निवृत्त झालेला टाकीवरचा कामगार पाच मिनिटांत सांगतो की आधी पंप दुसऱ्या कोपऱ्यात होता, ती टाकी काढली नाही, नुसती वाळू भरून बुजवली. हे कुठल्याच कागदावर नसतं. मग जमिनीखालच्या वाटा बघतो: सांडपाण्याच्या नळ्या, केबलचे चर, पावसाळी गटारं. या चरांत सैल खडी भरलेली असते आणि इंधनाला ती राजरस्त्यासारखी वाटते. एका ठिकाणी भूजलाचा उतार दक्षिणेकडे आणि वास मात्र उत्तरेच्या तळघरात, हे कोडं आठवडाभर सुटेना. शेवटी गटाराचा चर सापडला, तो उत्तरेला उतरत होता. तुमच्या टाक्या आणि ती विहीर यांच्या मधून कोणते चर जातात ते काढून ठेवा.

एवढं झालं की एक पान लिहितो. आमचा अंदाज असा: इंधन अमुक जागेतून सुटलं, अमुक खोलीला भूजलाला लागलं, अमुक दिशेनं गेलं. हा अंदाज खरा असेल तर पुढच्या बोअरमध्ये अमुक खोलीवर अमुक दिसेल. खोटा असेल तर तमुक दिसेल. बोअर घेण्याआधी हे लिहायचं, नंतर नाही. नंतर लिहिलं की मन आलेल्या निकालाला जुळेल अशी गोष्ट रचतं, माझंही रचतं. बोअर कधी थांबवायचे याचं माझं उत्तरही यातच आहे. सलग दोन-तीन बोअरमध्ये आधी लिहून ठेवलं तेच सापडलं, आणि पुढे, दोन्ही बाजूंना व खाली स्वच्छ कड मिळाली, की थांबतो. दर बोअर चकित करत असेल तर पंधरा झाले तरी तपास अपुराच.

पहिले बोअर भरणपाइप, डिस्पेन्सर आणि पाइपांचे सांधे यांच्या जास्तीत जास्त जवळ घ्या. इंधन आणि वीज कुठून जाते ते आधी निश्चित करून, वरचा दीड मीटर हातानं खणून. ही खबरदारी न घेतल्यानं नव्या गळत्या तयार झालेल्या मी पाहिल्या आहेत. वर येणाऱ्या मातीचा दर अर्ध्या मीटरला थोडा भाग पिशवीत बंद करून काही मिनिटं ठेवा आणि आतल्या हवेवर पीआयडी मीटर (हवेतली इंधनाची वाफ मोजणारं यंत्र) लावा. तो आकडा लॅबचा नाही, पण कोणता थर लॅबला पाठवायचा ते तो सांगतो. डिझेलला मात्र पीआयडी आळशी प्रतिसाद देतो, तिथे रंगावर आणि लॅबवर भिस्त. जुने लोक माती नाकाशी धरून निर्णय द्यायचे, मीही ते केलंय. बेंझिननं कर्करोग होतो हे सिद्ध आहे, तेव्हा तुम्ही करू नका.

यानंतर पाण्याचा तपास, आणि तुमच्या प्रकरणात खरा निकाल इथेच लागणार. किमान तीन निरीक्षण विहिरी (भूजलाची पातळी आणि नमुने घेण्यासाठी पाइप घातलेले बोअर) लागतात, आणि त्या एका रेषेत नसाव्यात. तिन्हींच्या तोंडाची उंची काटेकोर मोजून, एकाच दिवशी पाण्याची खोली घेतली की भूजल कुठे वाहतंय हे भूमितीनं निघतं. जमिनीचा उतार बघून दिशा ठरवू नका, तो पुष्कळदा बरोबर असतो आणि नेमका नको तिथे चुकतो. शेजाऱ्यांची विहीर उपशावर असेल तर ती स्वतःकडे पाणी ओढते आणि नैसर्गिक दिशा वाकवते. म्हणून पंप चालू असताना आणि बंद ठेवून, दोन्ही वेळा मोजा.

निरीक्षण विहिरीचा जाळीदार पाइप भूजलाच्या पातळीला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा हवा, म्हणजे काही भाग पाण्याच्या वर आणि काही खाली, वर्षभराची चढउतार धरून. जाळी पूर्ण पाण्याखाली बसवली तर तरंगणारं इंधन विहिरीत शिरूच शकत नाही, आणि बाहेर वीतभर तवंग असताना आतून स्वच्छ पाणी निघतं. ही चूक मी मोठ्या नावाच्या कामांतही पाहिली आहे. जाळीच्या वर बेंटोनाइटचं (पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच हवं, नाहीतर वरून झिरपणारं पाणी तुमची दिशाभूल करेल. आणि खाली चिकणमातीचा थर लागला तर तो भेदून आणखी खाली जाण्याचा मोह टाळा. प्रदूषणाला स्वतःच्या हातानं खालच्या जलधराची वाट करून द्याल.

निरीक्षण विहिरीत तवंग सापडला तर पाणी आणि इंधन यांची सीमा दाखवणाऱ्या प्रोबनं जाडी मोजा, पण ती जाडी जमिनीतली समजू नका. विहिरीत जमा होणारा थर बाहेरच्या मातीतल्या प्रत्यक्ष इंधनापेक्षा बराच जाड असू शकतो, बारीक मातीत तर फारच. दिशा काढताना दुरुस्तीही हवी: ४० सेंटिमीटर पेट्रोलचा थर असेल तर त्यानं खालचं पाणी साधारण ३० सेंटिमीटर दाबून धरलेलं असतं, तेवढं पातळीत मिळवायचं. ते विसरलं की बाण उलटा निघतो.

नमुना घेताना पंप सावकाश चालवा, पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाला की मगच व्हायल भरा. ४० मिलिलिटरच्या व्हायल, आत एकही बुडबुडा नको, आम्ल घालून पीएच २ च्या खाली, थंड, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी. स्वच्छ वाटणाऱ्या विहिरीपासून सुरुवात करून घाणेरडीकडे जायचं. सोबत लॅबमधूनच भरून आलेली शुद्ध पाण्याची एक बंद व्हायल पूर्ण प्रवासात ठेवायची आणि तीही तपासायची. एकदा त्या कोऱ्या व्हायलमध्येच टोल्युइन निघालं. नमुने आणि पेट्रोलवर चालणारं जनरेटर एकाच गाडीत आलेलं होतं. पूर्ण फेरी वाया गेली, आणि ती गाडी माझी होती.

आता ६० मीटरचा प्रश्न. भूजलाचा वेग म्हणजे पारगम्यता गुणिले उतार, भागिले सच्छिद्रता. वाळूसाठी दिवसाला ५ मीटर पारगम्यता, हजाराला ५ चा उतार आणि पाव सच्छिद्रता धरली तर वेग येतो दिवसाला १० सेंटिमीटर. म्हणजे ६० मीटरला ६०० दिवस, आणि बेंझिन मातीला थोडं चिकटत जात असल्यानं त्याहून जास्त. वास आज आला म्हणजे गळती आजची नाही, कदाचित दोन-तीन वर्षांपूर्वीची. पण खाली भेगांचा खडक असेल तर हे गणित मोडतं. पाणी भेगांतूनच वाहतं, उपलब्ध जागा एखादा टक्का असते, आणि तेच अंतर काही आठवड्यांत कापलं जाऊ शकतं. तिथे नेमका भेगेच्या बाजूला पडलेला बोअर कोरडा आणि स्वच्छ निघतो. कठीण खडकात मी नवे बोअर कमी आणि आजूबाजूच्या असलेल्या विहिरींवर पंप चालवून कुणाचं पाणी कशामुळे हलतं ते जास्त बघतो. तुमच्याकडे खाली काय आहे, माती की खडक, हे बोअरवाल्याच्या नोंदीत असेल. ती मागवा.

किती लांब जाऊ शकतं, याचाही अनुभवसिद्ध अंदाज आहे. कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळत्यांचा अभ्यास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं १९९५ मध्ये मांडला, त्यात बेंझिनचा पाण्यातला पट्टा क्वचितच २५० फुटांच्या, म्हणजे पाऊणशे मीटरच्या पुढे गेलेला दिसला. कारण जमिनीतले जिवाणू ते खातात. आधी ऑक्सिजन वापरून, तो संपला की नायट्रेट, मग लोह, सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार करत. म्हणून पाण्यात हेही मोजा: विरघळलेला ऑक्सिजन आणि सल्फेट पडलेलं, लोह आणि मिथेन वाढलेलं असेल तर बेंझिन न सापडताही खालच्या बाजूला काहीतरी शिजतंय हे कळतं. शेजाऱ्यांची विहीर ६० मीटरवर आहे, म्हणजे या अंतराच्या आतच. आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल असेल तर जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, ऑक्सिजन त्यातच संपतो, आणि बेंझिन मागे राहून आणखी पुढे सरकतं.

एमटीबीईची गत वेगळी. ते पाण्यात मुबलक विरघळतं, मातीला चिकटत नाही, जिवाणूंना फारसं आवडत नाही, त्यामुळे पाण्याच्या वेगानं सगळ्यांच्या आधी पोचतं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या त्या याच्यामुळे. लिटरला २० ते ४० मायक्रोग्रॅमला त्याची चव आणि वास जाणवू लागतो. तुमच्या पेट्रोलमध्ये ते कधी असेल आणि शेजाऱ्यांच्या विहिरीत तेच सापडलं, बेंझिन नाही, तर पट्ट्याचं टोक नुकतंच पोचलंय असं समजा. बेंझिन मागून येत असू शकतं.

'आमचं की दुसऱ्याचं' याचं उत्तर लॅबच्या आलेखात असतं. तुमच्या टाक्यांतलं इंधन आणि विहिरीतलं पाणी किंवा तवंग एकाच लॅबला द्या आणि आकड्यांबरोबर पूर्ण क्रोमॅटोग्राम, म्हणजे क्रोमॅटोग्राफनं काढलेला आलेख, मागा. हलक्या भागातली शिखरं म्हणजे पेट्रोल, मध्यावरची ओळीनं उभी शिखरं म्हणजे डिझेल. त्या ओळीतली सरळ साखळीची शिखरं खचलेली आणि शेजारचं प्रिस्टेन (जिवाणूंना सहज न पचणारं संयुग) उंच असेल तर डिझेल जुनं, जिवाणूंनी चघळलेलं. पाण्यात शिसं आणि त्याच्यासोबत पेट्रोलमध्ये घातलं जाणारं इथिलीन डायब्रोमाइड निघालं तर शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली गळती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे वर सांगितली तशी एखादी बुजवलेली जुनी टाकी. ताज्या पेट्रोलला लागून असलेल्या पाण्यात बेंझिन साधारण लिटरला १८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळू शकतं. त्याच्या जवळपास आकडा आला तर तवंग अगदी शेजारी आहे. मात्र एक सावधगिरी: एकाच कारखान्याचं पेट्रोल दहा जणांच्या टाकीत असतं. अशा तुलनेनं 'हे तुमचं नाही' हे ठामपणे सांगता येतं, 'हे तुमचंच' हे तेवढ्या ठामपणे नाही.

एका फेरीवर विसंबू नका. भूजल वर चढलं की तवंगाचा काही भाग मातीत अडकून पाण्याखाली बुडतो आणि विहीर स्वच्छ दिसते. खाली उतरलं की तोच पुन्हा सुटून वर येतो. वर्षानुवर्षं हे वर-खाली होऊन मीटर-दोन मीटर जाडीचा थर माखून जातो. म्हणून वर्षातून चार फेऱ्या, त्यात सर्वांत उंच आणि सर्वांत खोल पातळीच्या धरून. शेजाऱ्यांचा वास वर्षाच्या कोणत्या काळात वाढतो ते विचारा, त्या एका उत्तरानं पुष्कळ काही कळतं.

लेखी काय द्यायचं? आत्ता एवढंच: अमुक तारखेला अमुक पद्धतीनं टाक्यांची चाचणी केली, तिच्या मर्यादेत गळती दिसली नाही, पाइप आणि भूजल यांचा तपास सुरू आहे. 'आमचं नाही' हे वाक्य लिहू नका. पुढे खोटं ठरलं तर साफसफाईच्या खर्चापेक्षा ते वाक्य महाग पडेल. तोवर पेट्रोलची विक्री किंवा वापर थांबवणं शक्य नसेल तर निदान पाइपांची वेगळी दाबचाचणी या आठवड्यात करून घ्या.

आणि बोअरवाल्याला बोलावण्याआधी त्या विहिरीवर स्वतः जाऊन या. पाणी उपसायला काय बसवलंय ते बघा. एका प्रकरणात दोन शेजारी वर्षभर भांडत होते, वकिलांपर्यंत गेले होते, आणि विहिरीच्या काठावरच्या डिझेल इंजिनाची टाकी तळाला गंजून थेंब थेंब विहिरीत गळत होती. तुमच्या इथे तसं असेलच असं नाही. पण ते बघायला दहा मिनिटं लागतात आणि काहीही खणावं लागत नाही.